जीएमटी घड्याळ आणि आपला अर्धा तास

जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, दोन वेळा कायम डोळ्यांसमोर असतात. एक जहाजाची, म्हणजे ज्या वेळेवर आम्ही उठतो, जेवतो, ड्यूटीवर येतो ती. दुसरी जीएमटी, म्हणजे ग्रीनिचच्या शून्य रेखांशावरची वेळ. कागदोपत्री तिला आता यूटीसी म्हणतात, पण बोलताना सगळे जीएमटीच म्हणतात. जीपीएसच्या पडद्यावर तीच असते, नॉटिकल अल्मनॅक, म्हणजे दर्यावर्दींचं सूर्य-ताऱ्यांचं पंचांग, तिच्यावर चालतं, हवामानाचे इशारे तिच्यात येतात. तिसरी वेळ घरची. तिची नोंद कुठल्याही लॉगबुकात नसते, पण जहाजावरचा प्रत्येक माणूस ती मनात घेऊन फिरत असतो. या तिन्ही वेळा एकाच मनगटी घड्याळात, त्याही किल्लीच्या, चाकांच्या घड्याळात आणायच्या असं मी ठरवलं, त्याची ही हकीकत. खर्च बराच झाला, वेळ त्याहून जास्त गेला आणि दोन्हींबद्दल मला समाधान आहे.

मी मर्चंट नेव्हीत नॅव्हिगेटिंग ऑफिसर आहे. घड्याळाचा ध्यास लागला तेव्हा सेकंड मेट होतो, म्हणजे दुपारी बारा ते चार आणि रात्री बारा ते चार माझी वॉच, पहाऱ्याची पाळी. जहाजावरची घड्याळं सांभाळणं हे परंपरेने सेकंड मेटचंच काम. पश्चिमेकडे निघालं की दर काही दिवसांनी कॅप्टनची ऑर्डर येते, आज रात्री क्लॉक एक तास रिटार्ड, म्हणजे मागे. तो जादा तास एकाच माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून अनेक जहाजांवर वीस-वीस मिनिटं करून तीन वॉचमध्ये वाटून देतात. सिंगापूरहून रॉटरडॅमला निघालात तर जीएमटीच्या आठ तास पुढून हिवाळ्यात एक तास पुढेपर्यंत यायचं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. मग आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कधी पार शून्यापर्यंत मागे जायचं आणि युरोप जवळ आला की पुन्हा एक तास पुढे. या सगळ्यात घरी आत्ता किती वाजले असतील हे गणित रोज नव्याने करावं लागतं, आणि रात्री तीन वाजता जागं राहण्याची शर्थ चाललेली असताना त्यासाठी डोकं वापरावं लागतं हे विशेष.

फोन आहेच की, असं कुणीही म्हणेल. वॉचवर फोन हातात धरणं मला पटत नाही, तो वेगळा विषय. पण फोन किनाऱ्याजवळ आला की मिळेल त्या टॉवरची वेळ उचलतो. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत एका बाजूला सिंगापूर, जीएमटीच्या आठ तास पुढे, आणि दुसऱ्या बाजूला इंडोनेशियाचं बाताम बेट, सात तास पुढे. जहाज मधून चाललेलं असताना खिशातला फोन तासाभराच्या उड्या मारतो. मनगटावर माझ्या अर्थातच कॅसिओ होतं आणि त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. स्वस्त, अचूक, बटण दाबलं की दिल्लीची वेळ हजर. तरी त्यात आकडे दिसतात आणि आकडा वाचून मग मनात चित्र उभं करावं लागतं. मला आकड्याआधी चित्र हवं होतं. घरी रात्र आहे का पहाट, हे नजर टाकताच कळायला हवं होतं.

ते चित्र मला पहिल्यांदा दिसलं आमच्या एका चीफ इंजिनिअरच्या मनगटावर. त्यांच्याकडे रोलेक्सचं जीएमटी-मास्टर टू होतं. दुपारच्या चहाला मेसमध्ये त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. नेहमीचे तीन काटे, शिवाय टोकाला त्रिकोण असलेला चौथा काटा. हा चौथा काटा चोवीस तासांत एकच फेरी मारतो. तासकाटा बारा तासांत फेरी पूर्ण करतो, त्याच चाकमालिकेत आणखी चाकं घालून चौथ्याचा वेग निम्मा केलेला. बस, एवढंच. सगळी करामत या निम्म्या वेगात आहे. काचेभोवती एक कडं आणि त्यावर चोवीस तासांचे आकडे. या घड्याळांत त्या कड्याला दोन रंग देण्याची पद्धत आहे, वरच्या अर्ध्यावर रात्रीचे तास आणि खालच्या अर्ध्यावर दिवसाचे. काटा तबकडीच्या खालच्या बाजूला असला की तिकडे दिवस, वर असला की रात्र. हे समजायला वाचावं लागत नाही.

हे घड्याळ मुळात वैमानिकांसाठी झालं. १९५५ मध्ये रोलेक्सने पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांची गरज डोळ्यांपुढे ठेवून ते बाजारात आणलं. लाल-निळं कडं तेव्हापासूनचं. ग्लायसीन या स्विस कंपनीचं एअरमन त्याच्याही आधीचं, १९५३ चं. पण वैमानिकाआधी ही गरज दर्यावर्दींची होती. रेखांश काढायचा तर शून्य रेखांशावर आत्ता किती वाजले हे ठाऊक असावं लागतं, आणि पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. विषुववृत्तावर चार सेकंदांची चूक म्हणजे एक सागरी मैलाची चूक. जॉन हॅरिसन या इंग्रज सुताराने आयुष्य घालून बनवलेलं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर गेलं आणि समुद्रावर वेळ टिकवता येते हे त्याने सिद्ध केलं. आजही मी सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, हातात घेतो तेव्हा शेजारी कुणीतरी सेकंद मोजायला उभं असतं. म्हणून चाकांच्या घड्याळाबद्दल आम्हा लोकांना वाटणारी ओढ मला शोभेची वाटत नाही. आमच्या पेशाचा पाया त्याच्यावर आहे.

तर चहाच्या टेबलावर मी चीफसाहेबांना विचारलं, "सर, यात घरची वेळ कशी लावता?"

"मी जीएमटी लावतो आणि तासकाट्यावर जहाजाची वेळ," ते म्हणाले. "घरची नाही लावत. आपला अर्धा तास बसत नाही त्यात."

मी कडं फिरवून पाहिलं. एका फेरीला चोवीस खटके, प्रत्येक खटका एक तासाचा. आपली वेळ जीएमटीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे पाच खटके फिरवले तर अर्धा तास कमी, सहा फिरवले तर अर्धा तास जास्त. मध्ये ते थांबत नाही. इतकं सुरेख यंत्र, आणि भारतीय वेळेसाठी त्यात जागा नव्हती. त्या दिवसापासून मी त्या अर्ध्या तासाच्या मागे लागलो.

आधी घड्याळांचे प्रकार समजून घेतले. जीएमटी घड्याळं दोन घराण्यांची. एकात किल्ली अर्धी ओढली की चोवीस तासांचा काटा एकेक तासाने सरकतो, बाकीचे काटे जागेवर. घरी बसून परदेशी फोन करणाऱ्याला हे सोयीचं, म्हणून शौकीन त्याला कॉलर म्हणतात. सेइकोची परवडणारी जीएमटी घड्याळं या जातीची. दुसऱ्यात उलटं. किल्ली अर्धी ओढली की तासकाटा एकेक तास उडी मारतो आणि चोवीस तासांचा काटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा न अडखळता चालत राहतात. प्रवास करणाऱ्याचं हे फ्लायर. रोलेक्सने तासकाटा असा मोकळा केला तो १९८२ मध्ये, जीएमटी-मास्टर टू काढून. माझ्यासारख्याला फ्लायरच हवं, कारण आमची जहाजाची वेळ सारखी सरकते आणि जीएमटीला हात लावायचा नसतो.

पण दोन्ही जातींत मिनिटकाटा एकच असतो, आणि तिथेच आपली गोम आहे. लंडन-न्यूयॉर्क, दुबई-सिंगापूर, कुठल्याही दोन शहरांत पूर्ण तासांचा फरक असला की एका मिनिटकाट्यावर दोघांचं भागतं. आपला फरक लंडनशी हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कशी साडेदहा किंवा साडेनऊ. सिंगापूरशी अडीच. ज्या देशांत मराठी माणसं जाऊन राहिली आहेत त्या जवळजवळ सगळ्यांशी आपला अर्धा तास उरतोच. पूर्ण तासांत जुळणारे थोडेच. इराण दोन तास मागे, म्यानमार एक तास पुढे, ऑस्ट्रेलियातलं डार्विन चार तास पुढे, कारण त्यांच्याकडेही अर्धा तास आहे. श्रीलंकेत तर आपलीच वेळ.

हा अर्धा तास आला कुठून ते आम्हाला शिकताना सांगतात. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाला चार मिनिटांनी गुणा, तीनशे तीस मिनिटं होतात. १ जानेवारी १९०६ पासून ही देशाची प्रमाण वेळ झाली. मुंबईने मात्र आपली वेळ सोडली नाही. मुंबईचा रेखांश त्र्याहत्तरच्या आसपास, म्हणून मुंबईची वेळ नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती, आणि ती थेट १९५५ पर्यंत वापरात राहिली. त्याच वर्षी तिकडे जीएमटी-मास्टर बाजारात आलं, हा योगायोग मला फार आवडतो. मुंबई आणि जहाजांची वेळ यांचं नातंही जुनं आहे. ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभारली ती खगोल निरीक्षणासाठी आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ देता यावी म्हणून. कुलाब्याला गेलो की त्या आवाराच्या बाहेर मी थोडा वेळ उभा राहतो.

पुढचे बरेच महिने, म्हणजे एक अख्खं काँट्रॅक्ट आणि त्यानंतरची सुट्टी, मी बघण्यात आणि वाचण्यात घालवले. अर्ध्या तासाचा प्रश्न मुळापासून सोडवणारी घड्याळं आहेत. व्हॅशेरॉन काँस्टंटाँ या जिनिव्हाच्या जुन्या घराण्याचं वर्ल्ड टाइम सदतीस कालविभाग दाखवतं, अर्ध्या आणि पाऊण तासांचे धरून. काठमांडूसुद्धा त्यात बसतं. ते मी दुकानाच्या काचेतून पाहिलं, मन भरून पाहिलं, आणि पुढे सरकलो, कारण त्या किमतीत रत्नागिरीत घर होतं. नेहमीचं वर्ल्ड टाइमर वेगळं. त्याची रचना जिनिव्हाच्याच लुई कोटिए या कारागिराने १९३१ मध्ये केली. तबकडीभोवती चोवीस गावांची नावं आणि आत फिरणारी चोवीस तासांची चकती. दिसायला याच्याइतकं देखणं घड्याळ नाही. पण गावं चोवीस म्हणजे तासाला एक. बहुतेकांवर कराची असतं, त्याच्या शेजारी ढाका असतं आणि मधला अख्खा देश गाळलेला असतो.

मग कळलं की पहिल्या जीएमटी-मास्टरचं कडं खटक्यांशिवाय, नुसतं दाबाने फिरायचं. ते कुठेही थांबवता येई, म्हणजे साडेपाच तासांवरही. पन्नास-साठच्या दशकातला भारतीय वैमानिक त्यावर आपली वेळ बिनधास्त लावू शकत होता. सुधारणा होत गेल्या आणि आपली सोय गेली. जुनं घड्याळ शोधावं असं एकदा मनात आलं, पण जुन्या घड्याळाला खाऱ्या पाण्यात न्यायला मन धजेना. माझं घड्याळ डेकवर, मुरिंगच्या म्हणजे जहाज धक्क्याला बांधायच्या वेळी, पावसात, फवाऱ्यात हातावर राहणार होतं. तिजोरीत ठेवायचं असतं तर गोष्ट वेगळी.

उत्तर सापडलं ते ट्यूडरच्या ब्लॅक बे जीएमटीमध्ये. २०१८ मध्ये आलेलं घड्याळ, रोलेक्सच्याच घरातलं धाकटं. तासकाटा मोकळा, म्हणजे फ्लायर. दोनशे मीटरपर्यंत पाणबंद. किल्ली पूर्ण भरली की साधारण सत्तर तास चालतं, म्हणजे दोन दिवस काढून ठेवलं तरी बंद पडत नाही. आणि कड्याला अठ्ठेचाळीस खटके. खटक्याला अर्धा तास. साडेपाच तास म्हणजे अकरा खटके. कंपनीने ते आपल्यासाठी केलं असेल असं मला वाटत नाही, पण आपल्याला ते बेतून शिवल्यासारखं बसतं.

दुकान मुंबईतलं. समोरचे गृहस्थ वयाने मोठे, पांढरे हातमोजे घातलेले. घड्याळ हातात आल्यावर मी आधी कडं धरलं, कड्यावरचा त्रिकोण वर बारावर आणला आणि डावीकडे फिरवायला लागलो. खटक्यांचा आवाज कोरडा आणि सारखा, एकही खटका ढिला नाही. नऊ, दहा, अकरा. ते माझ्याकडे बघत होते.

"सर, गिऱ्हाईक बहुतेक रंग बघतात," ते म्हणाले. "तुम्ही मोजताय काय?"

मी सांगितलं. त्यांनी घड्याळ परत घेतलं, स्वतः अकरा खटके फिरवून पाहिले, आणि मग दुकानातल्या तरुण मुलाला हाक मारून म्हणाले, "अरे, इकडे ये. हे ऐकून ठेव." आम्ही तिघे त्या एका कड्यावर बराच वेळ बोलत होतो. घ्यायचं ठरलं ते तिथेच. दोन लाखांच्या वरची खरेदी म्हणून पॅन कार्ड मागितलं, ते दिलं. पट्ट्याच्या जादा कड्या काढून मनगटाला बसवला. उजव्या-डाव्या बाजूच्या कड्या सारख्या काढल्या नाहीत तर घड्याळ मनगटाच्या मध्यावर बसत नाही, त्यांनी ते दोनदा काढघाल करून नीट केलं. वॉरंटीच्या कार्डावर क्रमांक तपासून घेतला आणि निघालो. रक्कम मोठी होती. पण मी ती जमवण्यासाठी थांबलो होतो, कर्ज काढलं नव्हतं, त्यामुळे छातीत धडधड झाली नाही.

लावण्याची रीत सांगतो, कारण हीच या सगळ्याची मजा आहे. जहाजावर असताना किल्ली पूर्ण बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो. चोवीस तासांचा काटा आणि मिनिटकाटा जीएमटीवर आणायचे, जीपीएसच्या पडद्यावर नजर ठेवायची आणि मिनिट पालटताक्षणी किल्ली दाबायची. मग किल्ली अर्धी ओढून तासकाटा जहाजाच्या वेळेवर. शेवटी कडं डावीकडे अकरा खटके. समजा जहाज सिंगापूरच्या वेळेवर आहे आणि दुपारचे बारा वाजलेत. तासकाटा बारावर. जीएमटी पहाटेचे चार, म्हणून चोवीस तासांचा काटा तबकडीच्या दोनच्या खुणेकडे, कारण निम्म्या वेगाच्या या काट्यासाठी तबकडीची खूण दुप्पट धरायची. आणि तो काटा कड्यावर जिथे पोचतो तिथे साडेनऊ, नऊ आणि दहाच्या बरोबर मध्ये. घरी सकाळचे साडेनऊ. एक काटा तबकडीवर वाचला तर जीएमटी, कड्यावर वाचला तर घर. दोन-तीन दिवस डोळ्यांना सवय करावी लागली, मग विचार करावा लागला नाही.

पहिल्या सफरीत मी एक वही केली. जहाजाच्या क्रोनोमीटरची, म्हणजे अचूक वेळ ठेवणाऱ्या घड्याळाची, रोजची चूक लिहून ठेवण्याची जुनी पद्धत आहे, क्रोनोमीटर आता क्वार्ट्झचे असले तरी. त्याच धर्तीवर दुपारच्या वॉचला येताना मी माझ्या घड्याळाची चूक लिहायला लागलो. स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र देते ते यंत्र पंधरा दिवस, पाच बाजूंवर, तीन तापमानांत तपासून. दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, इतकी मुभा. माझं घड्याळ हातावर असताना दिवसाला दोन-तीन सेकंद पुढे पळतं. रात्री तबकडी वर करून ठेवलं तर आणखी किंचित पुढे, किल्ली वर करून कडेवर उभं ठेवलं तर तितकंच मागे. म्हणजे झोपताना ते कसं ठेवायचं यावर चूक बरोबर करता येते. हे उमगलं तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं अवघड आहे. तोलचाक, केसाएवढी कमान आणि गुरुत्वाकर्षण, या तिघांचा व्यवहार माझ्या केबिनमधल्या टेबलावर रोज रात्री चालू होता आणि वहीतल्या आकड्यांत तो दिसत होता. क्वार्ट्झ याहून कितीतरी अचूक असतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण क्वार्ट्झशी असा संवाद होत नाही.

वापरताना लक्षात आलेल्या आणखी दोन गोष्टी. पॅसिफिक ओलांडताना, जपानकडून अमेरिकेकडे जाताना, तारीखरेषेवर एक दिवस पुन्हा येतो. या घड्याळात तारीख तासकाट्याला बांधलेली आहे आणि तासकाटा मागेही फिरतो. किल्ली अर्धी ओढून चोवीस तास मागे घेतलं की तारीख एक घर मागे येते. चोवीस तासांचा काटा त्या वेळी तसूभर हलत नाही, कारण जीएमटीला तारीखरेषेशी काही देणं-घेणं नाही. ब्रिजच्या खिडकीत उभं राहून हे करताना तारीखरेषा ही कागदावरची रेघ आहे आणि जीएमटी हा खरा धागा आहे, हे बोटांना कळतं.

दुसरी गोष्ट भारताची. आखातातून न्हावाशेवाला येताना जहाजाची वेळ जीएमटीच्या चार तास पुढून साडेपाच तास पुढे न्यावी लागते. एक तास उडी मारून जातो, पण उरलेला अर्धा तास तासकाट्याच्या उडीत नाही. तेव्हा किल्ली पूर्ण ओढून सगळंच नव्याने लावायचं, आणि रीत उलटी करायची. चोवीस तासांचा काटा भारतीय वेळेवर, तासकाटाही भारतीय वेळेवर, आणि कडं या वेळी उजवीकडे अकरा खटके. आता काटा तबकडीवर वाचला तर घर आणि कड्यावर वाचला तर जीएमटी. सुट्टीत मी ते असंच ठेवतो. रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बसलो असताना जीएमटीचं काम काय, असं बायकोने विचारलं होतं. माझ्या जहाजावरची माणसं आत्ता वॉचवर आहेत, हे मला त्यातून दिसतं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे तिकडे असताना आम्ही दिसतो तसं."

तसंच. आईला रात्री साडेनऊला झोप लागते, त्याआधी फोन आला तर ती बोलते, नंतर आला तर घाबरते. मुलीची शाळेची रिक्षा सकाळी सात वाजता येते. हे सगळे क्षण मला कड्यावर कुठे आहेत ते ठाऊक झालंय. अटलांटिकमध्ये मध्यरात्रीच्या वॉचवर काटा कड्याच्या सातकडे यायला लागला की मुलगी वेणी घालून घेत असणार. फोन तेव्हा लावता येत नाही, लावायचा नसतोही.

काळजीही घ्यावी लागते. खाऱ्या पाण्याचा संबंध आला की गोड्या पाण्याने धुणं, किल्ली स्क्रूने पूर्ण आवळली आहे याची खात्री करणं, सुट्टीत पाणबंदपणा तपासून घेणं. चुंबकाची भीती जुन्या घड्याळांना जास्त असते. यातली कमान सिलिकॉनची आहे, तिला चुंबक बाधत नाही, आणि कंपास, स्पीकर, मोटारी यांच्या मध्ये राहणाऱ्याला ते बरं पडतं.

ज्यांना असं घड्याळ घ्यायचं आहे अशा ओळखीच्यांना मी एकच सांगतो, दुकानात रंगाआधी कड्याचे खटके मोजा. अठ्ठेचाळीस असतील तर तुमची वेळ त्यात आहे. कडं न फिरणारं किंवा चोवीस खटक्यांचं असेल तर चोवीस तासांच्या काट्यावर जीएमटी ठेवा आणि साडेपाच मनात मिळवा. तेही वाईट नाही, चीफसाहेबांनी तसं आयुष्य काढलं.

आता पुढच्या जहाजावर मला अ‍ॅडलेडला रुजू व्हायचं आहे. तिकडच्या हिवाळ्यात अ‍ॅडलेड जीएमटीच्या साडेनऊ तास पुढे, म्हणजे आपल्याहून नेमकं चार तास. इथे घरचा आणि जहाजाचा मिनिटकाटा एकच होणार आणि अर्धा तास उरणार तो जीएमटीचा. म्हणून घरून लावलेलं घड्याळ तसंच ठेवायचं, तासकाटा फक्त चार उड्या पुढे, कडं उजवीकडचे अकरा खटके कायम. दुपारी बाराला चोवीस तासांचा काटा चारच्या खुणेवर, घरी सकाळचे आठ, आणि कड्यावर अडीच. तिन्ही वेळा मिनिटाला मिनिट बरोबर. बॅग भरायच्या आधी हे मी दोनदा लावून पाहिलं.